जूनपासून अकरावीला यांत्रिकी शिकवायची आहे, पाया कसा पक्का करू?

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. २०१३ साली फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, त्याच वर्षी लग्न झालं आणि वह्या माळ्यावर गेल्या. गेली काही वर्षं सोलापुरातच एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. आता मुलगा शाळेत रुळलाय, आणि घराजवळच्या एका छोट्या क्लासमध्ये जूनपासून अकरावीला फिजिक्स शिकवायची संधी आली आहे. कॉलेजात असल्यापासून मला हेच काम करायचं होतं.

गेल्या रविवारी डेमो लेक्चर झालं. सकाळचे साडेदहा, एप्रिलचं ऊन पत्र्यातून खाली उतरलेलं, समोर चौदा मुलं. विषय मीच निवडला होता, वर फेकलेली वस्तू. खडू उडवला, झेलला, फळ्यावर सूत्रं लिहिली, एक गणित सोडवलं. मग विचारलं, सगळ्यात वरच्या टोकाला वेग किती? मुलं म्हणाली, शून्य. आणि त्वरण? पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, तेही शून्य. मी मान हलवली. "हो, क्षणभर शून्य," असं माझ्याच तोंडून गेलं. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मग मॅडम, तो खाली कशाला येतो?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या तासाला बघू म्हणाले आणि खडू खाली ठेवला. संध्याकाळी माळ्यावरून वही काढली. माझ्याच अक्षरात सगळी सूत्रं बिनचूक होती. पण त्या मुलीला काय सांगायचं, ते त्यातल्या एकाही पानावर नव्हतं. रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

मग शांतपणे बसून बघितलं तर आणखी बऱ्याच ठिकाणी पाय घसरतोय. टेबलावर पुस्तक ठेवलंय, पृथ्वी त्याला खाली ओढते, टेबल वर ढकलतं, दोन्ही सारखी. ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली क्रिया आणि प्रतिक्रिया, असं मी इतकी वर्षं धरून चालले. एका ठिकाणी वाचलं की ते चूक आहे. का चूक, ते कळलं नाही. सिटी बसनं ब्रेक मारला की आपण पुढं फेकलो जातो, तर तो पुढं फेकणारा जोर कुठून येतो? दोरीला दगड बांधून फिरवला की आत ओढणारं बल असतं म्हणतात, मग हाताला बाहेर ओढल्यासारखं का वाटतं?

सूत्रांचा तक्ता कुणी पाठवू नका, तो माझ्याकडे आहे. हातात सहा आठवडे आहेत, रात्री आठनंतरचा वेळ आहे. कुठून सुरुवात करू, कशावर जास्त वेळ घालवू? आणखी एक अडचण आहे. निम्म्या मुलांची दहावी मराठी माध्यमातून झालेली आहे आणि अकरावीला एकदम सगळं इंग्रजी. त्यांना मराठीतून कळेल असं सांगता आलं पाहिजे.

तिसरं_सेमिस्टर

ताई, मी सोलापुरातच इंजिनिअरिंग करतोय. माझ्या अनुभवाचं एकच सांगतो, व्हेक्टर, म्हणजे दिशा असलेल्या राशी, आधी पक्के करा. ते कच्चे राहिले की पुढचं सगळं डुगडुगतं. साइन कुठं आणि कॉस कुठं हे पाठ करून चालत नाही, प्रत्येक वेळी काटकोन त्रिकोण काढूनच ठरवायचं.

मला ते गच्चीवर कळलं. आईनं धुतलेली चादर दोरीच्या मधोमध टाकली होती, ओली चादर तीन किलोच्या आसपास धरा. म्हणजे वजन २९.४ न्यूटन. दोरी चांगली झोळ खाऊन दोन्ही बाजूंनी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर दोरीतला ताणही बरोबर २९.४ न्यूटनच येतो. आता दोरी कचकचून ताणून बांधा, कोन ५ अंशांवर आणा. ताण येतो जवळजवळ १६९ न्यूटन, म्हणजे सतरा किलोचं ओझं टांगल्यासारखं. चादर तीच, तीनच किलोची. आमची दोरी दर उन्हाळ्यात खिळ्यापाशी का तुटायची ते त्या दिवशी समजलं. हे गणित मुलांना करायला द्या, घरी जाऊन दोरी बघून येतील.

दुसरं, आलेख. सूत्रांच्या आधी वेग आणि काळाचा आलेख काढायला लावा. त्याचा चढ म्हणजे त्वरण आणि खालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, एवढं हातात बसलं की गतीची तीनही समीकरणं मुलं स्वतः काढतात.

खडू_आणि_फळा

पूर्वभागकर, मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न दुपारी वाचला आणि जेवण झाल्यावर लगेच लिहायला बसलो. तुम्ही ज्या मुलीमुळे अडलात तिला पुढच्या तासाला उभं करून सगळ्यांसमोर सांगा, की वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न तू विचारलास. आणि "मी चुकीचं सांगितलं होतं" हेही सांगा. मुलं त्यानं दूर जात नाहीत, जवळ येतात.

तिचं उत्तर असं द्या. चेंडू १९.६ मीटर प्रतिसेकंद वेगानं सरळ वर फेकला. दोन सेकंदांनी तो टोकाला पोचतो. टोकाच्या थोडं अलीकडं बघा, १.९ सेकंदाला वेग आहे ०.९८, दिशा वर. थोडं पलीकडं बघा, २.१ सेकंदाला वेग पुन्हा ०.९८, पण दिशा खाली. या ०.२ सेकंदांत वेग १.९६ नं बदलला. भागाकार करा, ९.८. म्हणजे बदल एका क्षणासाठीही थांबला नव्हता. वेग शून्यातून जात होता, शून्यावर बसला नव्हता. त्वरणही शून्य झालं असतं तर चेंडू तिथंच लटकून राहिला असता, आणि तिनं नेमकं तेच विचारलं होतं. वर तिसऱ्या सेमिस्टरच्या मुलानं सांगितलेला आलेख काढून दाखवा. एकच सरळ तिरकी रेघ, आडव्या अक्षाला छेदून तशीच खाली जाणारी. छेदण्याच्या जागी तिला ना वळण आहे ना खाच.

आता मराठीबद्दल. आपल्या मुलांचा निम्मा गोंधळ शब्दांतून येतो, हे मला फार उशिरा उमगलं. "त्वरण" म्हणजे वेग बदलण्याचा दर, पण शब्द ऐकला की त्वरा आठवते, म्हणून जो जोरात धावतो त्याचं त्वरण जास्त असं त्यांना वाटतं. होटगी रोडवर ताशी ६० नं एकसारखी सरळ जाणाऱ्या गाडीचं त्वरण शून्य आहे, हे पहिल्यांदा त्यांना पटतच नाही. "जडत्व" म्हटलं की जड, म्हणजे वजनाचं काहीतरी. मग चंद्रावर जडत्व कमी होतं असं लिहून मोकळे होतात. वजन कमी होतं, जडत्व तेवढंच राहतं. बाजारात आपण "पाच किलो वजन" म्हणतो, वर्गात पाच किलो हे वस्तुमान आणि वजन ४९ न्यूटन. "वेग" आणि "संवेग" (वस्तुमान गुणिले वेग) कानाला सख्खे भाऊ वाटतात. आणि सगळ्यात घोळ घालतो तो "शक्ती" हा शब्द. घरी शक्ती म्हणजे अंगातली ताकद, पुस्तकात शक्ती म्हणजे दर सेकंदाला केलेलं कार्य. मी पहिल्या आठवड्यात फळ्याच्या कोपऱ्यात दोन रकाने आखायचो, घरचा अर्थ आणि वर्गातला अर्थ, आणि ती चौकट वर्षभर पुसू द्यायचो नाही. तुम्ही यात इंग्रजीचा तिसरा रकाना घाला, तुमची माध्यमाची अडचणही बरीच सुटेल.

आता मुख्य गोष्ट. सहा आठवड्यांत दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, एवढं पक्कं करा. प्रत्येक बलाला धनी असतो. आकृतीत बाण काढला की लगेच विचारायचं, हे बल कोण लावतंय आणि कुणावर? दोन्ही नावं सांगता आली तर बाण राहील, नाही आली तर खोडायचा. माझ्या वर्गात मुलं एकमेकांना "धनी सांग" म्हणायची.

तुमचे तिन्ही प्रश्न यातच सुटतात. बसचं बघा. ब्रेक लागला, तुम्ही पुढं गेलात. पुढं ढकलणारा धनी कोण? मागं कुणी नाही, हवा नाही, सीट तर मागच्या बाजूला आहे. धनी सापडत नाही, म्हणजे तसं बलच नाही. बस मंदावली, पायाखालच्या पत्र्यानं घर्षणानं तुमचे पाय मंदावले, वरचं शरीर मात्र होत्या वेगानं चालत राहिलं. सात रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस हेच बघतो. त्याला कुणी पुढं फेकलेलं दिसत नाही, थांबायला उशीर झालेली माणसं दिसतात.

टेबलावरच्या पुस्तकासाठी मी वाक्य उलटवायला लावायचो. "पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते." यातले कर्ता आणि कर्म बदला: "पुस्तक पृथ्वीला वर ओढतं." ही झाली तिसऱ्या नियमाची जोडी. "टेबल पुस्तकाला वर ढकलतं." उलटवा: "पुस्तक टेबलाला खाली ढकलतं." ही दुसरी जोडी. तुम्ही पहिल्या जोडीतलं एक आणि दुसऱ्या जोडीतलं एक उचलून त्यांचं लग्न लावलं होतं. ती दोन्ही एकाच पुस्तकावर आहेत. जोडीतली बलं कधीच एका वस्तूवर नसतात, आणि दोघांची जात एकच असते, गुरुत्वाकर्षणाला गुरुत्वाकर्षण, रेट्याला रेटा. मग पुस्तकावरची ती दोन बलं सारखी का? कारण पुस्तक स्थिर आहे, त्वरण शून्य आहे. तो पहिल्या-दुसऱ्या नियमाचा हिशेब. टेबल लिफ्टमध्ये ठेवून लिफ्ट वर सुरू करा, लगेच टेबलाचं ढकलणं वजनापेक्षा जास्त होतं. जोडीतली बलं मात्र तिथंही तंतोतंत सारखी राहतात.

दगड आणि दोरीला आपल्याकडे गोफणीइतकं चांगलं उदाहरण नाही. मंगळवेढ्याकडे ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला गोफण फिरवतात. फिरत असताना दगडाला दोरी आत ओढते, धनी दोरी. दगड दोरीला बाहेर ओढतो, आणि दोरीमार्फत ते तुमच्या हाताला जाणवतं. म्हणजे बाहेरची ओढ हातावर आहे, दगडावर नाही. पुरावा हवा असेल तर गोफण सुटताना बघा. दगड केंद्रापासून सरळ बाहेर पळत नाही, सुटल्या क्षणी ज्या दिशेला चालला होता त्याच दिशेला, वर्तुळाच्या स्पर्शिकेनं जातो. आणि "अभिकेंद्री बल" म्हणून वेगळा बाण कधीही काढू देऊ नका. ते नाव पदाचं आहे, माणसाचं नाही. त्या पदावर कधी दोरी बसते, कधी रस्त्याचं घर्षण, कधी गुरुत्वाकर्षण.

मुलं चुकतात म्हणून रागावू नका. ढकलणं थांबवलं की हातगाडी थांबते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. ॲरिस्टॉटलनंही हेच म्हटलं होतं, की ढकलणारा असेल तरच वस्तू चालते, आणि ही समजूत मोडायला गॅलिलिओपर्यंत जवळजवळ दोन हजार वर्षं गेली. न्यूटनचे नियम छापून आले १६८७ साली. जे समजायला इतका काळ लागला ते एका तासात डोक्यात बसावं अशी अपेक्षा आपण धरू नये. तुमची स्वतःची तपासणी करायची असेल तर १९९२ साली अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली "फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी" ही चाचणी बघा. तिच्यात आकडेमोड अजिबात नाही, साध्या भाषेतले प्रश्न आणि पर्याय. गणितं फटाफट सोडवणारी मुलं तिच्यात अडखळतात, आणि आपलं कुठं काय कच्चं आहे ते लख्ख दिसतं.

वेळेचं म्हणाल तर एककं आणि मितींवर दोन संध्याकाळी पुरे. गतीची समीकरणं आणि आलेख एक आठवडा. न्यूटनच्या नियमांना सलग तीन आठवडे द्या, कुणी कितीही घाई केली तरी. कार्य आणि ऊर्जा त्यानंतर सोपी जाते, संवेगही. प्रक्षेप्य गतीची, म्हणजे तिरप्या फेकलेल्या वस्तूची, ती लांबलचक सूत्रं पाठ करू नका, आडवं वेगळं आणि उभं वेगळं लिहिलं की प्रत्येक वेळी पाच ओळींत निघतात.

परिवलन (रोटेशन) शेवटी घ्या, आणि तिथं पोचाल तेव्हा वर्गात एक लांब काठी आणि एक पेन्सिल न्या. पेन्सिल तळहातावर उभी करा, पडते. काठी उभी करा, थोड्या सरावानं पेलता येते, कारण लांब काठी सावकाश कलते आणि हात तिच्याखाली न्यायला वेळ मिळतो. संक्रांतीच्या आधी नंदीध्वज, म्हणजे यात्रेतली उंच काठी, पेलण्याचा सराव चालतो तेव्हा मी मुद्दाम बघायला जायचो. ध्वज ज्या बाजूला कलला त्याच बाजूला पेलणारा पाऊल टाकतो, म्हणजे गुरुत्वमध्य पुन्हा त्याच्या आधाराच्या वर येतो. बाराबंदी घातलेला तो माणूस पायांनी जे सोडवत असतो ते मला फळ्यावर मांडायला अर्धा तास लागायचा. सिद्धेश्वराच्या यात्रेत वाढलेल्या मुलांना हे उदाहरण एकदा दिलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

जॉबर_अक्कलकोटरोड

सरांचं वाचलं. ताई, मी मागावर जॉबर हाय, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा, चोवीस वर्षं झाली. दहावीनंतर शिक्षण नाही, पण तुम्ही टॉवेलच्या ऑफिसात हाय म्हणून सांगतो. तुमच्या ऑफिसच्या भिंतीपलीकडंच सगळं फिजिक्स चालू असतंय.

धोट्याचं बगा, आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो. आमच्या जुन्या मागावर भरल्या कांडीसकट धोटा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तर साडेचारशे ग्रॅम भरला. माग मिनिटाला १२० पिक मारतो. म्हणजे अर्ध्या सेकंदाला एकदा धोटा या पेटीतून त्या पेटीत. त्या अर्ध्या सेकंदात फणी पण हलायची असते, ताणा पण उघडायचा असतो, त्यामुळं धोट्याच्या वाट्याला त्यातला तिसरा हिस्सा येतो. जायचं अंतर पावणेदोन मीटरच्या आत. आणि त्याला पळवायला ठोका मारणाऱ्या दांडीला जागा मिळते एक वीतभर, वीस सेंटिमीटर धरा. पलीकडच्या पेटीत थांबायला पण तेवढीच.

एकदा धोटा उडाला होता. कारागीर बाजूला वाकला म्हणून वाचला. धोटा समोरच्या भिंतीत गेला, गिलाव्याचा पोपडा निघाला. सर म्हणतात तसं सरळ रेघेत गेला, वाकडा नाही. तेव्हापासून पेटीची पट्टी आणि धोट्याला ठोकणारा पिकर रोज सकाळी मी स्वतः हात लावून बघतो, दुसऱ्यावर सोडत नाही.

मला एकच विचारायचंय. हातात धरून ढकलला तर धोटा कसा पण सरकतो, काही जोर लागत नाही. मग मागावर दांडीचा ठोका एवढा का बसतो, की माग खाली बोल्ट मारून बसवावा लागतो आणि शेजारच्या घरातली भांडी वाजतात?

पूर्वभागकर

सर, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीला लावलाय. काल रात्री जॉबर दादांच्या आकड्यांवर बसले. सगळं इथं लिहिते, चुकलं तर सांगा.

अर्ध्या सेकंदाचा तिसरा हिस्सा म्हणजे ०.१७ सेकंद. अंतर १.७ मीटर. वेग साधारण १० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. हा वेग शून्यापासून ०.२ मीटरमध्ये घ्यायचा, तर त्वरण बरोबर वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, १०० भागिले ०.४, म्हणजे २५०. गुरुत्वीय त्वरणाच्या पंचवीस पट! मी तीनदा मोजलं. बल बरोबर ०.४५ गुणिले २५०, साधारण ११२ न्यूटन, अकरा-साडेअकरा किलोच्या ओझ्याएवढं. तेही अर्धा किलोसुद्धा नसलेल्या धोट्यासाठी.

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला यातच सापडलं असं वाटतं. हातानं सरकवताना आपण फक्त घर्षणाएवढं बल लावतो, कारण वेग जवळजवळ बदलतच नाही. मागावर वेग बदलायचा असतो, आणि तोही वीतभर जागेत. बल धोट्याच्या वजनावर अडलेलं नाही, त्याचा वेग किती झटकन बदलायचा त्यावर अडलंय. आणि वाक्य उलटवलं: "दांडी धोट्याला डावीकडून उजवीकडे ढकलते." "धोटा दांडीला उजवीकडून डावीकडे ढकलतो." ते डावीकडचं ढकलणं दांडीतून सांगाड्यात, सांगाड्यातून बोल्टमध्ये, बोल्टातून जमिनीत जातं. भांडी म्हणून वाजतात.

ऊर्जा पण काढली. अर्धा गुणिले ०.४५ गुणिले १००, म्हणजे २२.५ ज्यूल. सेकंदाला दोन फेऱ्या, म्हणून ४५ वॅट. आणि ही सगळी ऊर्जा प्रत्येक वेळी पलीकडच्या पेटीत विरून जाते, उष्णता आणि आवाज होऊन. मी या आवाजाच्या शेजारी इतकी वर्षं बसून बिलं लिहिली. आज दुपारी पेन खाली ठेवून नुसतं ऐकत बसले.

दुसरा प्रश्न मीच तयार केला, विहिरीचा. आमच्या जुन्या घरी आड होता. पाण्यासकट १० किलोची बादली सावकाश एका वेगानं ओढली तर दोरीत ताण ९८ न्यूटन. झटका देऊन २ मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरणानं ओढली तर ११८. आजी "हिसका देऊ नको, दोर तुटंल" म्हणायची, ते तिचं बरोबर होतं.

तिसरा मात्र अडला. टेम्पोच्या हौद्यात सुताचं पोतं नुसतं ठेवलंय, बांधलेलं नाही. टेम्पो सुरू होऊन वेग घेतोय. पोत्यावर घर्षण कुठल्या दिशेला? मी मागच्या दिशेला बाण काढला, कारण घर्षण गतीच्या विरुद्ध असतं, आणि पोतं तर पुढं चाललंय. पण मग एफ = एमए (बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण) लिहिलं तर त्वरण मागच्या दिशेला येतं. पोतं टेम्पोबरोबर पुढं वेग घेतंय हे तर डोळ्यांना दिसतं. कुठं चुकले?

खडू_आणि_फळा

धोट्याचं गणित अगदी बरोबर आहे. आकडे साधारण धरलेले असल्यामुळे ११२ च्या जागी "शंभर-सव्वाशे न्यूटन" म्हणा, पण पद्धत अशीच हवी. जॉबर साहेब, तुम्ही दिलेल्या आकड्यांवर पुढच्या वर्षी पन्नास मुलं गणित शिकतील.

पोत्याचं. तुम्ही पाठ केलेलं वाक्य अर्धवट आहे. घर्षण गतीला विरोध करत नाही, दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवर घसरण्याला विरोध करतं. ताळा असा करा. मनातल्या मनात हौद्यावर तेल ओता, घर्षण संपलं. आता टेम्पो निघाला तर पोत्याचं काय होईल? ते होतं तिथंच राहील, टेम्पो खालून निघून जाईल, म्हणजे हौद्याच्या मानानं पोतं मागं घसरेल. घर्षण हे मागं घसरणं अडवतं, म्हणून पोत्यावर त्याचा बाण पुढं. धनी सांगा: टेम्पोचा हौदा. पोत्याला पुढं नेणारं दुसरं कुणीच नाही, ना दोरी ना माणूस. घर्षणानंच पोतं पुढं जातंय. तुम्ही चालतानाही तेच होतं, पाय जमिनीला मागं रेटतो, जमीन घर्षणानं तुम्हाला पुढं रेटते. पावसात फरशीवर शेवाळ आलं की ते कळतं.

बाण उलटा आलाय हे तुम्हाला एफ = एमए लिहून स्वतःलाच कळलं, उत्तर डोळ्यांशी ताडून बघितलंत. शिकवण्यासाठी एवढं लागतं, ते तुमच्याकडे आहे.

आता पुढं. पोतं आणि हौदा यांच्यातला घर्षणांक ०.४ धरा. घर्षण जास्तीत जास्त ०.४ गुणिले वजन एवढंच देऊ शकतं, म्हणून पोत्याला जास्तीत जास्त त्वरण ३.९२ मिळेल. पोत्याचं वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं, तीस किलोचं असो की साठ. म्हणजे शून्यापासून ताशी ३६ गाठायला टेम्पोनं निदान अडीच सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेतला पाहिजे, नाहीतर पोतं मागच्या फाळक्यावर येऊन आदळेल.

ब्रेक लागल्यावर बाण कुठं जातो ते तुम्ही काढा. आणि मग तोच टेम्पो ५ अंशांच्या चढावर चढवा, घर्षणांक तोच ठेवा, आणि सांगा की पोतं घसरू न देता आता किती त्वरण घेता येईल. उत्तर ३.९२ पेक्षा कमी यायला हवं. आकृती काढून फोटो टाका, मी रात्री दहापर्यंत जागा असतो.